आठवीच्या पुस्तकापासून पुन्हा

स्पिरिटचा तो थंड, किंचित गोडसर, नाकात झिणझिणणारा वास मला पहिल्यांदा आवडला तेव्हा मी आठवीत होते. रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या खोलीत उंच खिडकीतून सकाळचं ऊन तिरपं उतरायचं, ट्रेमधल्या चिमट्यांवर क्षणभर लकाकायचं, आणि त्या उजेडात पप्पांचा उघडा पाय कुणा परक्याचा असावा तसा दिसायचा. मधुमेहापायी त्या पायाचं एक बोट कापावं लागलं होतं आणि जखम भरायला महिने लागणार होते. मार्केट यार्डातला आमचा पालेभाज्यांचा गाळा आईनं हाती घेतला, धाकटी गौरी शाळेत जात राहिली, आणि विश्रांतवाडीहून रिक्षानं पप्पांना ड्रेसिंगला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. शाळा बुडायची. त्याचं वाईट वाटण्याचं ते वयही नव्हतं.

तिथल्या तरुण डॉक्टरबाई जखम धुताना पप्पांशी कोथिंबिरीच्या भावाविषयी बोलायच्या. बोलता बोलता पप्पांच्या आवळलेल्या मुठी सैल व्हायच्या. एकदा मी मान लांब करून पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "लांबून काय बघतेस, जवळ ये," त्या म्हणाल्या. "हे लाल, दाणेदार दिसतंय ना, ते नवं मांस आहे. पाय वाचतोय तुझ्या वडिलांचा." मी वाकून पाहिलं. ज्या दृश्यापासून घरचे सगळे नजर फिरवायचे, त्याच्यातच सर्वांत शुभ वार्ता लिहिलेली होती, आणि ती वाचता येणारं माणूस माझ्यासमोर उभं होतं. ती लिपी आपल्यालाही यावी, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते वाटणं पुढे कधी ओसरलं नाही.

पण इच्छेला गुणपत्रिकेत रकाना नसतो. दहावीला मी काठावर उतरले. शहरातल्या कुठल्याच नावाजलेल्या कॉलेजच्या विज्ञान शाखेत माझ्यासाठी बाक नव्हता. शेवटी वाघोलीच्या एका नव्या कॉलेजानं घेतलं, तेही त्यांचे वर्ग अर्धे रिकामे होते म्हणून. बारावीला भौतिकशास्त्रात नापास झाले आणि पुरवणी परीक्षेत कशीबशी सुटले. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत त्या वर्षी मला मिळालेले गुण पाहून गौरीनं संगणक बंद केला होता. पुढच्या वर्षी एका नामांकित क्लासमध्ये चौकशीला गेले. टेबलामागच्या सरांनी माझ्या गुणांवरून नजर फिरवली आणि अतिशय सौम्य स्वरात विचारलं, "तुम्ही दुसरं काही बघितलंय का?" माणूस सौम्यपणे दार लावतो तेव्हा त्यावर थापही मारता येत नाही. मी दुसरा, साधा क्लास लावला, परीक्षा दिली, आणि पुन्हा प्रवेशाच्या रेषेपासून फार खाली राहिले.

खरी कसोटी तिसऱ्या खेपेला लागली. त्या वर्षी गौरीही परीक्षेला बसली होती. तिला पहिल्याच प्रयत्नात, पुण्यातल्याच मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मला कुठेच नाही. दोन्ही निकाल एकाच दुपारी, एकाच पडद्यावर पाहिले. आनंद झालेला आणि तो कुठे ठेवावा हे कुणाला कळत नव्हतं. आईनं पेढ्यांचा डबा आणला आणि ओट्याच्या कोपऱ्यात, पोळ्यांच्या डब्यामागे सारून ठेवला. गौरी तर अपराध्यासारखी अंग चोरून बसली होती. शेवटी मीच उठले, डबा काढला, पहिला पेढा तिच्या तोंडात कोंबला आणि इमारतीत वाटायला निघाले. मत्सर नव्हता असं कसं म्हणू? पण तो मत्सर गौरीचा नव्हता. तिला जे सहज उमगत होतं त्या उमगण्याचा होता.

तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी पेढा हातात घेऊन निरखला. "अरे वा. म्हणजे आता तुझं डोकं तपासायची सोय घरच्या घरी झाली."

"हो. तुम्हीही या," मी म्हणाले, "पण पेढा आधी साखर तपासून मगच खा."

गौरी वसतिगृहात राहायला गेली, पण रविवारी घरी यायची. अशाच एका रविवारी ती माझ्या शेजारी बसून मी भौतिकशास्त्राचं एक उदाहरण कसं सोडवते ते बघत होती. मी सूत्र लिहिलं, आकडे घातले, उत्तर चुकलं. तिनं वही ओढून घेतली नाही, नुसतं विचारलं, "ताई, हे अंतर दुप्पट केलं तर बल वाढेल की कमी होईल?"

"कमी."

"किती?"

मी सूत्र पुन्हा लिहायला लागले. तिनं माझं पेन धरलं. "लिहू नकोस. नुसतं सांग."

मला सांगता येईना. तिनं आणखी चार प्रश्न विचारले, एकाहून एक सोपे, आणि प्रत्येक वेळी मी एक पायरी खाली उतरत गेले. अखेर ती हलकेच म्हणाली, "समचलन, व्यस्तचलन. हे आठवीत असतं गं. तुला सूत्रं सगळी पाठ आहेत, पण हे कधी शिकलीच नाहीस तू."

आठवीत. त्या वर्षी वर्गात हे शिकवलं जात होतं तेव्हा मी कुठे होते, ते गौरीला माहीत होतं आणि मलाही. ज्या सकाळींनी मला डॉक्टर व्हायची ओढ लावली, त्याच सकाळींनी तिथवर जाणाऱ्या जिन्याची एक पायरी काढून नेली होती. मग आता त्या सकाळींवर रागवायचं का? मला तर हायसं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला मंद समजत होते. आणि मी तर नुसती गैरहजर होते.

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून आठवीचं गणिताचं पुस्तक आणलं. अभ्यासिकेत माझ्या आजूबाजूला स्पर्धापरीक्षांचे जाडजूड ग्रंथ उघडलेले असत आणि मी मात्र चित्रांच्या पुस्तकातली उदाहरणं सोडवत बसे. पहिले काही दिवस मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, मग तेही काढून टाकलं. आठवी झाली, नववी झाली, दहावी झाली. जिथे अडखळे तिथे मागे जायचं, पाय स्थिर होईपर्यंत उभं राहायचं आणि मगच पुढे निघायचं, अशी माझी रीत ठरली. तिच्यात वेग नव्हता. पण रचलेला थर पहिल्यांदाच ढासळत नव्हता.

एकदा जेवताना पप्पांनी टेबलावरचं ते पुस्तक उचललं. "हे कुणाचं?"

"माझंच. राहून गेलं होतं."

त्यांनी मुखपृष्ठावरची इयत्ता वाचली. बराच वेळ ते पुस्तक हातात तसंच होतं. "आठवी म्हणजे माझ्या पायाचं दुखणं झालं ते साल ना?"

"हो." दुसरं काय सांगणार होते? त्यांनी पुस्तक होतं तिथे अलगद ठेवलं आणि जेवण पुरं केलं.

त्या वर्षीचे माझे गुण पाहून माझ्या साध्या क्लासचे सरही चकित झाले. आणि तरीही, प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत दार माझ्या अगदी नाकासमोर मिटलं. फार खाली राहण्यापेक्षा थोडक्यात हुकणं अधिक जाळतं. आत्यानं फोनवरून सुचवलेलं स्थळ आईनं भीत भीत माझ्या कानावर घातलं. सगळ्यांचं लक्ष पप्पांकडे होतं. ते आता "पुरे" म्हणतील असं मलाही वाटत होतं. ते खुर्चीत पाय लांब करून बसले होते. "तुला काय वाटतं, होईल का?" त्यांनी विचारलं.

"होईल."

"मग दे परत. आत्याला मी सांगतो काय ते. पोरीचं वर्ष माझ्याकडं बाकी हाय म्हणावं."

पुण्यात इतकी वर्षं काढूनही मन भरून आलं की पप्पांच्या बोलण्यात त्यांचं गाव डोकावतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत राहिले.

पुढच्या वर्षी जागा मिळाली. शहरातल्याच एका कॉलेजात, दुसऱ्या फेरीत, कसलाही चमत्कार न घडता. पप्पा त्या दिवशी गाळ्यावर होते. फोनवर बातमी ऐकून त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. घरी आले ते नवी चप्पल घेऊन. "कॉलेजात उभं राहावं लागतं म्हणे फार," एवढंच ते म्हणाले.

आता वर्गातली मुलं मला ताई म्हणतात. पहिल्या सहामाहीत शरीररचनाशास्त्राच्या चाचणीत आमच्यापैकी निम्मे जण गडगडले, मीही. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मुलगी लातूरकडची, बालवाडीपासून पहिली आलेली. उत्तरपत्रिका पालथी ठेवून ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. "मला इथलं काहीच येणार नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिच्या शेजारी बसले. ती थोडी शांत झाल्यावर तिनं माझे गुण विचारले. मी सांगितले; ते तिच्याहून कमी होते.

"मग तुम्ही रडत कशा नाही?"

ज्या वर्षांना सगळेजण वाया गेलेली म्हणाले, त्यांनी मला हुशार केलं नाही, धीट केलं असंही नाही. नापास होण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं असतं, तेवढं मात्र शिकवलं. आणि या बिचारीवर ते शिकण्याची वेळ आजवर आलीच नव्हती. हे सगळं तिला त्या घटकेला सांगण्यात अर्थ नव्हता.

"आधी तोंड धू," मी म्हणाले, "मेस बंद व्हायच्या आत जेवून येऊ. आल्यावर हाडांपासून बघायला घेऊ."

ती उठली. मी तिची उत्तरपत्रिका सुलटी केली, माझी तिच्याशेजारी ठेवली, आणि आम्ही खाली जेवायला गेलो.