उभ्याने घेतलेली कॉफी

कतारमध्ये, दोह्याजवळच्या लुसैलला आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर एक इटालियन कॉफी बार होता. आत एकही खुर्ची नाही. साठी उलटलेला एक इटालियन माणूस कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात काउंटरमागे उभा असायचा. त्यांच्याकडे एस्प्रेसो उभ्यानेच घेतात. एवढ्याशा कपातली कॉफी तीन घोटांत संपवायची आणि निघायचं. कोणी रेंगाळलं, की म्हातारा त्याच्यासमोरचा काउंटर फडक्याने पुसायला घ्यायचा. मला ती जागा आवडायची. लांबण लावणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षीचा एप्रिल. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यांचं आमचं काम संपत आलं होतं, आणि काम संपत आलं की कमी करायच्या माणसांची यादी निघते. मी प्लॅनिंगला, म्हणून ती बुधवारी माझ्याकडे आली. पत्रं निघेपर्यंत एक शब्द बाहेर जाता कामा नये, असं साहेबांनी बजावलं. यादीत नवव्या ओळीत माझा मित्र होता. माझं नाव नव्हतं, पण तोंड उघडलं असतं तर नक्की आलं असतं.

मित्र नाशिकचा. दोह्यातल्या बिन महमूद भागात आमच्या शेजारच्या इमारतीत राहायचा. पाच वर्षं आम्ही एकाच गाडीने ऑफिसला जात होतो, आणि पाच वर्षं हा गडी एकटाच कुकर लावत होता. वहिनी नाशिकच्या शाळेत कायम शिक्षिका. तशी नोकरी एकदा सोडली की पुन्हा मिळत नाही. तरी आता मुलीला घेऊन दोह्याला यायचं त्यांनी ठरवलं होतं. शनिवारी त्या राजीनामा देणार होत्या.

म्हणजे मला शनिवारच्या आत सांगायला हवं होतं. गाडीत सांगितलं तर तो अर्धा तास प्रश्न विचारणार. घरी सांगितलं तर डोकं धरून बसणार, मग मला उठता येणार नाही. म्हणून गुरुवारी दुपारी मी त्याला त्या बारमध्ये नेलं. तीन घोटांत काय ते बोलून मोकळं व्हायचं. जागा मी भित्रेपणाने निवडली, हे आज कबूल करतो.

"बसायचं कुठे?" त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"इथे बसत नाहीत."

"कमाल आहे. आपल्याकडे अनोळखी माणसालाही आधी बस म्हणतात."

पहिल्या घोटाला त्याने तोंड वाकडं केलं, साखरेच्या दोन पुड्या ओतल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. वहिनींनी हाताने लिहिलेल्या राजीनाम्याचा फोटो होता. "अक्षर बघ. राजीनाम्यातसुद्धा एक काना-मात्रा चुकायची नाही बाई."

"वहिनींना म्हणावं, थोडं थांबा," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. "का रे? काही ऐकलंस का?"

म्हातारा फडकं घेऊन आमच्या बाजूला सरकला. मागे दोघे जण ताटकळत होते. तेवढं निमित्त मला पुरलं.

"नाही रे. आता उन्हाळा सुरू होईल. पोरीला झेपायचा नाही."

तो मनापासून हसला. "एसीतून एसीत जायचं, कसला उन्हाळा? यल्ला, चल, मीटिंग आहे." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी उरलेली कॉफी घशाखाली ढकलली. वेळ मारून नेली.

शुक्रवारी मी चार वेळा त्याचा नंबर काढला आणि चारही वेळा फोन खाली ठेवला. शनिवारी सकाळी त्याचा मेसेज आला, "खलास. दिला राजीनामा."

पत्रं निघायला पुढे दोन महिने लागले. तोवर रोज सकाळी तो माझ्या शेजारी बसून मुलीची शाळा, नवे पडदे, असं काहीबाही बोलायचा. आता सांगून उपयोग काय, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. मला स्वतःची शिसारी यायची, आणि तरी मी गाडी चालवत राहायचो.

पत्र आलं तेव्हा वहिनी आणि मुलगी येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मित्र सोफ्यावर बसला होता.

"ऑफिसात कोणालाच पत्ता नव्हता," तो वहिनींना म्हणाला. "याला कळलं असतं, तर याने पहिल्यांदा मला सांगितलं असतं."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावोजी, तुम्ही आम्हाला थोडं थांबायला सांगितलं होतंत. हे म्हणाले होते मला फोनवर."

"हो."

"ते उन्हाळ्यासाठीच ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "उन्हाळ्यासाठीच."

त्यांनी मान हलवली आणि मुलीची कोरी पुस्तकं परत प्रवासाच्या बॅगेत भरायला घेतली.