पंगतीचं दुसरं टोक

परवा एका लग्नात बऱ्याच वर्षांनी पंगतीला बसलो. हल्ली हातात ताट धरून उभ्यानंच जेवायची सवय, त्यामुळे मांडी घालताना गुडघे कुरकुरले. पण पानावर भात पडला आणि आमच्या गल्लीतले सुभेदार आबा आठवले.

लढाईत शौर्यपदक मिळवलेला हा माणूस गावच्या कुठल्याही पंगतीत आधी बसायचा नाही. हात मागे बांधून रांगेच्या टोकापर्यंत जायचा, "सगळ्यांना पोचलं ना?" असं विचारायचा आणि मगच म्हणायचा, "हं, करा सुरू." आम्ही भुकेले, मनातल्या मनात चरफडायचो.

पदक कशाबद्दल मिळालं, असं एकदा मी विचारलंच. "गोळीबार चालू होता. वरच्या चौकीतल्या पोरांना पाणी पोचवलं, एवढंच," आबा म्हणाले. मग पुढे म्हणाले, "मी पोचलो तोवर सगळे राहिले नव्हते रे."

"अहो, जेवा की, गार होतंय," परवा शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले. मी मान वळवून पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होतो. तिथल्या शेवटच्या पानावर अजून भात पडायचा होता.