मंगळवारची तारीख

दारू सोडायच्या गोळ्या आणायला मी दर मंगळवारी धारूरहून बीडला जायचो. एसटीत कुणी विचारलं की सांगायचो, कोर्टात तारीख आहे. आमच्याकडे तारखेला निघालेल्या माणसाला कुणी नावं ठेवत नाही, उलट सरकून जागा देतात. दारूच्या दवाखान्यात जाणारा मात्र जन्मभराचा बेवडा. भावकीचं म्हणणं होतं, याला तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात कोंडा. कोंडायला मी काय मोकाट बैल आहे? डॉक्टर म्हणाले होते, घरी राहूनही सुटते. मग मी घरीच राहणार होतो, रोज दारूच्या दुकानावरून शेतात जाणार होतो आणि पिणार नव्हतो.

नवव्या आठवड्यात माझंच खोटं अंगाशी आलं. कसली तारीख, असं एकानं खोदून विचारल्यावर मी बांधाची म्हणून ठोकून दिलं होतं. माझ्या बांधाला लागून शेत एकाच माणसाचं. मी त्याच्यावर दावा लावलाय, हे त्याच्या कानावर गेलं. बिचाऱ्याचं जेवणच सुटलं म्हणे. रविवारी दुपारी तो मटणाचा डबा आणि बाटली घेऊन तडजोडीला आला. सोबत बसून प्यायल्याशिवाय भांडण मिटलं असं आमच्यात कुणी धरत नाही, आणि मी पिणारा एवढंच त्याला ठाऊक.

त्यानं दोन पेले भरले. "हातभर जमीन घे माझ्या बाजूची," तो म्हणाला, "पण कोर्ट नगं, दादा."

वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू. पेला परत केला तर दावा खरा ठरणार होता, घेतला तर नऊ आठवडे पाण्यात. बायको हातातली भाकरी तशीच धरून दारात उभी होती.

मी उठून दवाखान्याचं कार्ड आणलं आणि पेल्यांशेजारी ठेवलं. "ही माझी तारीख. बांध हाय तिथंच राहू दे."

त्यानं कार्ड दोनदा वाचलं, बाटलीला झाकण लावलं. गावात सांगू नको असं मी म्हणेन, म्हणून जरा थांबला. मी म्हणालो नाही.

पुढच्या मंगळवारी एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तारीख का?"

"न्हाई," मी मोठ्यानं म्हणालो, "दारू सोडायलोय."

पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. म्हातारा अंग चोरून खिडकीला चिकटला. बरीच जागा मोकळी झाली. मी बीडपर्यंत ऐसपैस बसून गेलो.