गायनाचा तास आवडीवर सोडला

हिंदीचे दोन तास कुठे बसवावेत ते कळत नव्हतं. मी पाटीवर खडूने चौकटी आखून डोकं खाजवत होतो आणि हेडमास्तर मागे उभे होते. शेवटी त्यांनीच दोन चौकटींवर बोट ठेवलं. "हे गायन काढून टाका."

नौपाड्यातल्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि दर जूनला टाइमटेबल करायचो. लोकांना वाटतं, त्यात काय, रेघा मारायच्या आणि विषय भरायचे. पण एक मास्तर एका वेळी दोन वर्गांत उभा राहत नाही, आणि आठवड्याचे पिरियड काही ताणून वाढत नाहीत. एक विषय आत आला की दुसऱ्याला बाहेर जावं लागतं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. हिंदी आली होती, आणि एस.एस.सी.चा निकाल म्हणजे शाळेची अब्रू होऊन बसली होती. गायन घेऊन आमच्याकडून परीक्षेला कोणीच बसत नसे.

मी सुचवलं, एक तास चित्रकलेचा घेऊ, एक गायनाचा. हेडमास्तर म्हणाले, चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षा असतात, पालक ओरडतील. गायनासाठी कोण ओरडणार आहे?

ओरडायला खरंच कोणी आलं नाही. एक आई मात्र आली, आणि ती फार हळू बोलली. तेव्हा शाळेत यायचं ते वडिलांनी. ही आठवीतल्या कुमुदची आई, हातात भाजीची पिशवी, म्हणजे घरी काय सांगून निघाली असेल ते उघडच होतं. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मी तिला धीर दिला. गायन काही बंद होत नाही, शाळेच्या कमिटीने मधला मार्ग काढलाय. शाळा सुटल्यावर गायनाच्या बाई थांबतील, ज्या मुलींना आवड आहे त्यांनी बसावं. हे ऐकून तिचा चेहरा खुलेल असं मला वाटलं होतं. तो पार उतरला.

"सर, तेवढं करू नका," ती म्हणाली. "आवड आहे म्हणून आमच्याकडे काही चालत नाही. शाळेचा विषय आहे म्हणून चालतं."

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. सासरे जुन्या वळणाचे. चांगल्या घरातल्या मुली गात नाहीत, हे त्यांचं मत, आणि त्यांच्यापुढे घरात कोणी तोंड उघडत नसे. पण शाळेचा अभ्यास म्हटलं की ते मान डोलवत. प्रगतिपुस्तकात गायनाला मार्क होते, तेव्हा कुमुद रोज संध्याकाळी ओसरीवर बसून गळा मोकळा करायची आणि आजोबा ते पाढ्यांसारखं ऐकून घ्यायचे. एकदा मार्क कमी पडले, तर त्यांनीच नातीला दटावून पुन्हा गायला बसवलं म्हणे.

"मलाही गाता यायचं," ती म्हणाली. "लग्न झालं आणि सुटलं. ती गाते तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. आठवड्याला एकच तास ठेवा, पण सक्तीचा ठेवा."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या बाईचं म्हणणं गणितासारखं सरळ होतं आणि मला ते फार लागलं. मी हेडमास्तरांकडे गेलो आणि आजोबांसकट सगळं सांगितलं.

"सर, आठवीच्या गणिताचा एक तास मी सोडतो. तिथे गायन घालू, सक्तीचं."

"आणि पोरी गणितात गेल्या, तर तेच आजोबा काठी घेऊन येतील माझ्याकडे. अहो, ज्यांना आवड आहे त्या थांबतीलच की. जबरदस्तीने कुणी गायला शिकतं का?"

माणूस वाईट नव्हता. स्वतः नाट्यसंगीतावर जीव टाकायचा. कमिटीलाही त्यांचं बोलणं पटलं. कमिटीत सगळे पुरुष. गाणं ऐकायला जायचं तर घरी कारण सांगावं लागतं, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या आठवड्यात थोड्या मुली थांबल्या. मग कुणाला पाणी भरायचं होतं, कुणाला धाकट्या भावाला सांभाळायचं होतं. 'उशीर का झाला' याला 'शाळेत तास होता' हे उत्तर आता चालेना. कुमुद एकदाही थांबली नाही. दिवाळीपर्यंत गायनाच्या बाई पेटीपुढे एकट्याच बसू लागल्या. मग कमिटीने ठरवलं की मुलींना आवडच नाही, आणि तो वर्गही बंद केला. त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

कुमुद एस.एस.सी.ला गणितात छान मार्क मिळवून पास झाली. आईबरोबर पेढे घेऊन आली. मी विचारलं, गाणं काय म्हणतं?

"ते आठवीतच सुटलं, सर," ती हसून म्हणाली. दुधाचे दात पडले म्हणावं, इतक्या सहज. आई मात्र भिंतीवरच्या टाइमटेबलकडे बघत होती.

आता मी रिटायर झालोय. नवे मास्तर कधी टाइमटेबल घेऊन विचारायला येतात, काय सक्तीचं ठेवू आणि काय आवडीवर सोडू. मी सांगतो, आवडीवर सोडायचंच असेल तर माझं गणित सोडा, त्याला कुठल्याच घरातून आडकाठी होत नाही. गाणं तेवढं सक्तीचं ठेवा.