मुंबई ते ऑकलंड: दादाला आणायला गेलो तेव्हा

त्या सकाळी पूजा आटोपून मी गॅलरीच्या ग्रिलबाहेर टांगलेल्या मडक्याची गाठ पुन्हा आवळली. आत आईच्या अस्थी. अस्थी घरात आणत नाहीत आणि ठाकुर्लीत चौथ्या मजल्याला अंगण नाही, म्हणून ही सोय. थोरल्या मुलानेच त्या नदीत सोडाव्यात, हा आईचा हट्ट. थोरला दादा ऑकलंडला. दोन पावसाळे तो फोनवर एकच सांगत होता, "अरे, किती लांब आहे ते तुला तिथे बसून कळायचं नाही. एकदा येऊन बघ."

"जाऊनच या," बायको म्हणाली. "येताना मोठ्या भाऊजींना घेऊन या."

जाणाऱ्यांसाठी सांगतो. मला थेट विमान मिळालं नाही. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथून पुढे साधारण दहा. हवेतलं अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर. मधला थांबा धरून दारापासून दारापर्यंत एक दिवस जातो. पाय सुजतात, अधूनमधून उठून फिरा. खायचं काहीही नेलंत तर उतरताना अर्जावर लिहा. माझे तुपातले लाडू काढून घेतले, पण लिहिलं होतं म्हणून दंड झाला नाही.

विमानतळावर दादाने मिठी मारली. "काय रे, आहे ना लांब?"

शहर देखणं आहे, नाही कशाला म्हणू? भरवस्तीत विझलेल्या ज्वालामुखींच्या टेकड्या, त्यांवर मऊ गवत. पाऊस कधीही येतो, जाकीट जवळ ठेवा.

एका संध्याकाळी वहिनी टीव्हीवर फोटो दाखवू लागल्या. समुद्र, देवळं, दादाच्या गळ्यात फुलांची माळ.

"हे बालीचे, मागच्या दिवाळीतले. थेट विमान, नऊ तास. कळतसुद्धा नाही हो!"

गावच्या शाळेत गुरुजींनी नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला शिकवलं होतं. मनातच दोरा ठेवला. बाली म्हणजे घराची अर्धी वाट संपून पुढे. तिथवर येऊन दादा मागे फिरला होता.

"दादा, चल माझ्याबरोबर."

"रजा नाही रे उरली. तूच सोड ना. मी व्हिडिओ कॉलवर हात जोडतो. देवाला सगळं सारखंच."

"देवाला असेल. आईला नव्हतं."

वहिनींनी टीव्ही बंद केला.

परतीला शेजारची खुर्ची रिकामी होती. समोरच्या पडद्यावर विमानाचा ठिपका बालीजवळ आला, तेव्हा मी पडदा बंद केला. ऑकलंडला तुम्ही जरूर जा. ते लांब नाही, एवढंच मी तिथून घेऊन आलो.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी गाठ सोडली, कसारा गाडीने खडवलीला गेलो आणि भातसा नदीत कमरेपर्यंत उतरलो.

काठावरून भटजींनी विचारलं, "कुणाला फोनवर दाखवायचंय का? हल्ली दाखवतात."

"नाही," मी म्हणालो, आणि मडकं पाण्यात उपडं केलं.