चिखल नसलेली सायकल

मंडळी, आज एका पोराला मी चारचौघांत बूट काढायला लावले. चुकलं का, सांगा.

आपल्या चेन्नई ग्रुपची दोनशे किलोमीटरची राईड होती. महाबलीपुरमजवळ, रायडर इथवर सायकलनेच आला याचा त्याच्या कार्डावर शिक्का मारायला मी बसलेलो. गेल्या रविवारी तोच रस्ता मी स्वतः सायकलने बघून आलो होतो. वाटेत खोदकाम आहे, घोट्याएवढा लाल चिखल. आज येणारा प्रत्येक जण बरबटलेला.

आणि हा शोळिंगनल्लूरचा आयटीवाला आला, सायकल चकाचक. बूटही कोरडे.

"टेम्पोत घालून आणलीस ना?"

"नाही काका, शप्पथ."

"मग शिक्का नाही. घरी जा."

त्याचं तोंड उतरलं. "पहिलीच राईड आहे काका. नवी सायकल, म्हणून चिखलात खांद्यावर घेतली. बूट गळ्यात अडकवले."

"बूट काढ. मोजे पण."

काढले. बोटांच्या बेचक्यात लाल चिखल. शिक्का मारला.

परतीला तोच चिखल. संध्याकाळी शेवटच्या शिक्क्यालाही मीच बसलेलो. गडी वेळेत पोचला, सायकल पुन्हा चकाचक. मी काही बोलायच्या आत खाली बसून बूट सोडायला लागला.

तुम्ही असता तर "राहू दे" म्हणाला असता का?

मी पाय बघितले.