इंजिनाचा शेवटचा आकडा

मुरबाडला रेल्वे येणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. ती काही आली नाही, म्हणून शेवटी मीच आणली. कुरिअरवाल्याच्या हातून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, थर्माकोलमध्ये बसवलेली. डिझेल इंजिन, वीतभर लांब, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पटीनं लहान. माझं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे. बारीक चिमटे, भिंग, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू हे सगळं हाताशीच असतं, त्यामुळे हा उद्योग मला जमेल याची खात्री होती. बायकोनं खोक्यात डोकावून बघितलं आणि "यावरची धूळ मी पुसणार नाही" एवढं सांगून ती आत गेली.

इंजिन आणलं होतं ते सासऱ्यांना फूस लावायला. सासरे वाशिंदला एकटेच राहतात. जन्मभर मालगाडी चालवली. सासूबाई गेल्या आणि त्यांचा गॅस फक्त चहापुरता पेटायला लागला. बायको त्यांची एकुलती एक. ती रोज संध्याकाळी फोन करून जेवण विचारायची आणि ते डाळ, भात, वांग्याची भाजी, लोणचं असं सगळं ताट वाढून दाखवायचे. भाजीवाला त्या आठवड्यात फिरकलेलाच नाही, हे शेजारणीनं आधीच कळवलेलं असायचं. फोन ठेवून बायको डोळे पुसायची आणि मला उगाचच कशावरून तरी बोलायची.

"बाबा, इकडेच राहायला या ना," असं तिनं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "लेकीकडं कामाबिगर राहू नये गो. लोकं काय म्हणतील? आनि तुमच्याकडं गाडी नाय. गाडीच्या आवाजाबिगर मला झोप नाय."

आवाजाचं माझ्या हातात नव्हतं. कामाचं होतं. मी इंजिनाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, तुमच्या इंजिनाचा नंबर यावर टाकायचा विचार आहे.

डिझेलच्या ड्रायव्हरला स्वतःचं असं इंजिन नसतं, आज हे तर उद्या ते. पण सासऱ्यांचं एक लाडकं होतं. ड्रायव्हर म्हणून पहिल्यांदा हँडल हातात आलं ते त्याच्यावर. ते भंगारात गेल्याचं कळलं तेव्हा सासरे दिवसभर कुणाशी बोलले नव्हते, असं बायको सांगते. फोटो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात हजर! वाशिंदहून शहापूर, तिथून किन्हवलीवरून येणारी एसटी. रेल्वेच्या माणसाला मुरबाडला यायला एसटी लागते, याचा त्यांना भारी राग. चप्पल काढायच्या आधी त्यांनी इंजिन हातात घेतलं.

"हे काय, नवऱ्या मुलासारखं नटवलंय," ते म्हणाले. "चाललेलं इंजिन असं नसतं, जावईबापू."

मग आम्ही बसलो. जळालेल्या पंख्याच्या वाइंडिंगची तार काढून मी दाराशेजारचे दांडे वाकवले. चष्म्याच्या बिजागरीतून हॉर्न केले. धूर जिथून निघतो तिथं निरांजनाची काजळी लावली, चाकांना गेरू फासला. सासरे भिंग डोळ्याला लावून हुकूम सोडत होते. कारखान्यानं छापलेला नंबर स्पिरिटच्या कापसानं हळूहळू पुसला. नवे आकडे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे असतात, एकेक तिळाएवढा. पहिले चार आकडे बसले. पाचवा बसवताना सासरे म्हणाले, "चार."

चार बसवला. शेवटची एसटी जायला अजून वेळ होता. मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "बाबा, आता हे रात्रभर सुकायला पाहिजे. सकाळी तुम्ही तपासल्याशिवाय पुढचं नाही करता येणार."

सुकायला अर्धा तास पुरतो. पण सासऱ्यांनी मान डोलावली आणि पिशवीतून लेंगा काढला. निघतानाच लेंगा घेतला होता, याचा अर्थ माझ्या तेव्हा ध्यानातच आला नाही. त्या रात्री त्यांनी तांदळाच्या तीन भाकरी खाल्ल्या आणि गाडीच्या आवाजाशिवाय असे घोरले की आम्हालाच झोप लागेना.

मग मी सोकावलो. ते घरी जायला निघाले की मी हळूच एखादा दांडा तिरका करायचो, हॉर्न उलटा बसवायचो आणि चार दिवसांनी साळसूदपणे फोटो पाठवायचो. बरोबर आहे ना बाबा? फोनवर ते खवळायचे, "हातच लावू नका, मी येतो!" आणि यायचे. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

एकच गोष्ट खटकायला लागली. चार बसवून पंधरवडा होतो न होतो तोच ते म्हणाले, "चार नाय हो, सात होता." मी चार खरवडून सात बसवला. पुढच्या खेपेला सातही नव्हता, एक होता. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना तो शेवटचा आकडा खरवडून खरवडून रंग उडायला लागला. ज्या नंबराचं नाव निघालं की या माणसाचा चेहरा उजळतो, तोच त्याला आठवत नाही? आणि असा माणूस वाशिंदच्या घरात एकटा, गॅसशी खेळत बसणार?

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळू आवाजात म्हटलं, "बाबांना विसर पडायला लागलाय. डॉक्टरला दाखवू या का?"

ती तव्याकडे तोंड करून उभी होती. "वय झालं आता," ती म्हणाली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मी पाठीवर हात ठेवून आलो.

खंडेनवमीला दुकानातल्या काचा घासायच्या मशीनची पूजा उरकून मी घरी आलो. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं ते पाटावर मांडतात. सासऱ्यांनी इंजिन मांडलं होतं. झेंडूची एकच पाकळी टपावर, कारण अख्खं फूल ठेवलं तर इंजिन दिसेना. शेवटच्या आकड्याची जागा त्यांनी पुन्हा खरवडून मोकळी केली होती.

"नंबराबिगर पूजा नाय व्हायची," सासरे म्हणाले. "लावा, पाच."

मी चिमट्यात पाच धरला. तेवढ्यात बायको हळद-कुंकू घेऊन आली. वाटीत काढायला वेळ नव्हता की काय, कोण जाणे, तिनं हळदीचा डबाच आणून पाटाशेजारी ठेवला. सासूबाई गेल्यावर वाशिंदहून आणलेला तो जुना स्टीलचा डबा. रोज आमच्या फळीवर असतो, भिंतीकडे तोंड करून. भांड्यांवर आपल्याकडे नाव घालतात तसं त्याच्यावर यंत्रानं काहीतरी कोरलेलं होतं. सासऱ्यांनी झटकन तळहात ठेवला, पण उशीर झाला होता.

पाच आकडे. पहिले चार माझ्या इंजिनावरचेच. पाचवा नऊ.

"पहिल्या पगाराचा डबा," बायको म्हणाली. "दुकानदारानं विचारलं, नाव काय घालू, तर बाबांनी इंजिनाचा नंबर सांगितला. शाळेत मी याच्यातूनच भात न्यायचे."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

तिनं पदर तोंडाशी नेला. त्या दिवशी तव्यापुढे ती रडत नव्हती. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते इंजिनाकडे बघत होते.

"नऊ बसला की इंजिन झालं," ते म्हणाले. "मंग मी यायचं कशाला?"

मी म्हटलं, "बाबा, रंग सुकायला रात्र लागत नाही."

"माहीत हाय. इंजिनाच्या शेडमध्ये काय रंग बघितला नाय का मी? आनि तो हॉर्न आपोआप उलटा व्हतो व्हय?"

बायको हसली, मीही हसलो. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातून चिमटा घेतला, पाच बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हातानं नऊ बसवला. हात जराही हलला नाही. दुसऱ्या बाजूलाही बसवला. हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला. मग उठून खुंटीवरची पिशवी काढली आणि दोरीवरचा लेंगा घडी करून तिच्यात घातला. बायकोचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला त्या वीतभर इंजिनाचाच राग आला.

"बाबा," मी म्हणालो, "मालगाडी नुसत्या इंजिनाची असते का? मागे मालाच्या वाघिणी किती लागायच्या?"

ते उंबऱ्याशी थांबले. पिशवी हातातच होती.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले.

"सगळ्यांना नंबर असायचे?"

"नंबराबिगर कशी असंल वाघीण? सगळे येगळे." त्यांनी पिशवीतून लेंगा काढला आणि परत दोरीवर टाकला. "आनि शेवटाला गार्डाचा डबा. त्याची घाई नाय. तो सगळ्यात शेवटी करू."

बायको आत तांदूळ धुवायला गेली.